युआन श्वांगचा प्रवासग्रंथ आणि त्याचे मराठी वाचक

प्रास्ताविक

चिनी साहित्याचे परदेशातील वाचक हा विषय निघाला की अलीकडे मो यान (नोबेल पारितोषिक, २०१२) किंवा लिऊ त्सिशिन (ह्यूगो पुरस्कार, २०१५) ही नावे प्रथम घेतली जातात. हे दोघेही आपल्यापर्यंत प्रामुख्याने इंग्रजी अनुवादांतून पोचले. परंतु आपल्या महाविद्यालयांत इतिहासाच्या वर्गात दरवर्षी ज्या चिनी ग्रंथाचा उल्लेख होतो, तो पावणेचौदाशे वर्षांपूर्वीचा आहे. बौद्ध भिक्षू युआन श्वांग याचा 'दा तांग शी-यू-ची', म्हणजे 'महान तांग राजवटीच्या काळातील पश्चिमेकडील प्रदेशांचा वृत्तान्त', हा तो ग्रंथ होय. महाराष्ट्रातील लोक उपकाराची जाण ठेवणारे आणि अपमानाचा सूड घेणारे आहेत, हे त्यातील निरीक्षण न वाचलेला मराठी अध्यापक विरळाच. मात्र हे निरीक्षण आपण नेमके कोठून वाचतो, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही.

प्रस्तुत लेखकालाही तो सुचला नव्हता. एम.फिल.च्या लघुशोधप्रबंधात हे वाक्य उद्धृत करून तळटीपेत एका मराठी इतिहासग्रंथाचे नाव दिले होते. मौखिक परीक्षेच्या वेळी बहिःस्थ परीक्षकांनी शांतपणे विचारले, "मूळ चिनीत येथे काय आहे?" उत्तर देता आले नाही. त्या मराठी ग्रंथाने एका इंग्रजी ग्रंथाचा हवाला दिला होता आणि तो इंग्रजी ग्रंथही अनुवादावर विसंबलेला होता. प्रस्तुत लेख हा त्या प्रश्नाच्या उत्तराच्या दिशेने केलेला प्रयत्न आहे.

ग्रंथाचे स्वरूप

युआन श्वांग इ.स. ६४५ मध्ये चीनची राजधानी छांग-आन येथे परतला. त्याने सोबत ६५७ ग्रंथ आणले होते. सम्राट थाय-त्सुंग याला पश्चिमेकडील राज्यांची माहिती हवी होती. त्याच्या इच्छेनुसार पुढील वर्षी, इ.स. ६४६ मध्ये, बारा खंडांचा हा वृत्तान्त सिद्ध झाला. पिएन-ची हा भिक्षू त्याच्या संपादनात सहभागी होता. (सोळाव्या शतकातील 'शी-यौ-ची' ही वानरवीराची प्रसिद्ध कादंबरी याच यात्रेवर रचलेली आहे. नावे इतकी सारखी आहेत की ग्रंथसूचीत दोहोंची गल्लत झालेली आढळते.)

ग्रंथ सम्राटासाठी लिहिलेला आहे, ही गोष्ट त्याच्या वाचनात कळीची आहे. प्रत्येक देशाचे वर्णन ठराविक क्रमाने येते: देशाचा घेर किती 'ली' (एक ली म्हणजे सुमारे अर्धा किलोमीटर), राजधानी केवढी, माती कशी, हवा कशी, लोक कसे, राजा कोण, विहार आणि देवालये किती. लोकस्वभाव हा या क्रमातील एक नेहमीचा रकाना आहे. अकराव्या खंडात 'मो-हो-ला-चा' म्हणजे महाराष्ट्र येतो आणि त्याच्या लगेच पुढे भरुकच्छ, म्हणजे आजचे भडोच. भडोचच्या लोकांविषयी युआन श्वांग लिहितो की त्यांच्या चालीरीती हलक्या असून स्वभाव कपटी आहे. त्यापुढे माळव्याला मात्र विद्येचे मोठे प्रशस्तिपत्र मिळते. आपल्या रकान्यातील मजकूर आपण वर्गात अभिमानाने सांगतो. भडोचच्या महाविद्यालयातील अध्यापकाने त्यांच्या रकान्याचे काय करावे, याचा विचार केला की अशा विधानांचे मोल ध्यानात येते.

आपल्या रकान्यातीलही सगळा मजकूर आपण सांगत नाही. शत्रूला आगाऊ सूचना देऊन मगच सूड घेणे आणि शरण आलेल्यास न मारणे ही वाक्ये उद्धृत होतात. पराभूत सेनापतीला शिक्षा न करता स्त्रीवेष देण्यात येई आणि त्या लज्जेने तो प्राणत्याग करी, शेकडो योद्धे मद्य प्राशन करून रणात उतरत, हत्तींनाही मद्य पाजले जाई, आणि या योद्ध्यांच्या हातून मनुष्य मारला गेला तरी राज्याचा दंड त्यांना लागू होत नसे, ही वाक्ये बहुधा गाळली जातात. त्याच परिच्छेदात क्षत्रिय राजा पुलकेशी याचा आणि पूर्वेपासून पश्चिमेपर्यंत दिग्विजय करणाऱ्या शिलादित्य हर्षाला हा देश जिंकता आला नाही, याचा उल्लेख आहे. ऐहोळे येथील इ.स. ६३४ च्या शिलालेखाशी तो जुळतो. राजकीय इतिहासाच्या दृष्टीने परिच्छेदातील सर्वांत भक्कम माहिती हीच होय.

वाचनाची साखळी

हा ग्रंथ चीनबाहेरच्या आधुनिक वाचकांसाठी प्रथम फ्रेंच भाषेने खुला केला. पॅरिसमधील अध्यापक स्तानिस्लास ज्यूलियाँ यांनी १८५३ मध्ये युआन श्वांगच्या चरित्राचा आणि १८५७-५८ मध्ये दोन भागांत या प्रवासग्रंथाचा अनुवाद प्रसिद्ध केला. ज्यूलियाँ कधीही चीनला गेले नव्हते. चिनी लिपीत लिहिलेली संस्कृत विशेषनामे ओळखण्याची एक पद्धती त्यांनी बसवली आणि १८६१ मध्ये तिच्यावर स्वतंत्र पुस्तक लिहिले. १८८४ मध्ये सॅम्युएल बील यांचा इंग्रजी अनुवाद लंडनमध्ये निघाला. चीनमधील ब्रिटिश वकिलातीच्या सेवेत आयुष्य घालवलेले टॉमस वॉटर्स यांचे चिकित्सक विवेचन त्यांच्या मृत्यूनंतर १९०४-०५ मध्ये प्रसिद्ध झाले. १९९६ मध्ये ली रोंगशी या चिनी विद्वानाचा नवा इंग्रजी अनुवाद आला.

डॉ. रा. गो. भांडारकर यांचा दख्खनचा प्राचीन इतिहास १८८४ चाच. त्यात पुलकेशीच्या प्रकरणी या चिनी प्रवाशाची साक्ष आली आणि तेथून ती मराठी इतिहासलेखनात रुळली. म्हणजे चिनीतून फ्रेंच वा इंग्रजी, त्यातून भारतीय विद्वानाचे इंग्रजी, आणि त्यातून मराठी असा हा प्रवास आहे. त्याच्या खुणा नावातच उरल्या आहेत. ह्युएन त्संग, ह्यु एन त्सियांग, युआन च्वांग, युआन श्वांग आणि आता श्वान-त्सांग ही पाचही रूपे आपल्या ग्रंथालयांत सापडतात. पदवीच्या विद्यार्थ्याला ही पाच माणसे वाटली तर दोष त्याचा नव्हे.

अजिंठ्याचा परिच्छेद

खानदेशच्या वाचकासाठी या ग्रंथातील खरा ऐवज लोकस्वभावाच्या वाक्यात नाही. तो त्याच प्रकरणाच्या शेवटी आहे. देशाच्या पूर्व सीमेवर मोठी पर्वतराजी आहे. तेथील अंधाऱ्या दरीत खडकात एक संघाराम आहे. तेथील विहार शंभर फुटांहून उंच असून आत बुद्धाची सत्तर फुटांहून उंच पाषाणमूर्ती आहे. मूर्तीवर सात पाषाणछत्रे कशाच्याही आधाराविना अधांतरी आहेत. भिंतींवर बुद्धाच्या पूर्वजन्मीचे प्रसंग आहेत. आणि दाराबाहेर दोन्ही बाजूंस एकेक दगडी हत्ती आहे, असे युआन श्वांग सांगतो. हे हत्ती कधीकधी गर्जना करतात आणि धरणी कापते, ही लोकवार्ताही तो नोंदवतो. थोर तर्कशास्त्री दिङ्नाग येथे पुष्कळदा राहिला होता, असेही त्याने लिहिले आहे.

हे वर्णन अजिंठ्याचे, असे अभ्यासक मानत आले आहेत. जळगावहून साठ किलोमीटरवर असलेल्या त्या लेण्यांत क्रमांक १६ कडे चढून जाणाऱ्या वाटेच्या दाराशी आजही दोन दगडी हत्ती आहेत. 'पूर्व सीमा' हा शब्द राजधानीच्या वादातही उपयोगी पडतो: राजधानी नाशिक धरली तर अजिंठा पूर्वेस येतो, बदामी धरली तर उत्तरेस. मात्र सत्तर फुटी मूर्ती अजिंठ्यात नाही. अधांतरी छत्रेही नाहीत. लेणे क्रमांक १९ मधील स्तूपावर एकावर एक तीन छत्रे आहेत. त्यांच्याविषयी दुसऱ्याकडून ऐकलेले वर्णन वाढत वाढत सातांवर गेले असावे, असे प्रस्तुत लेखकाला वाटते. युआन श्वांग इ.स. ६४१ च्या सुमारास महाराष्ट्रात आला, पण स्वतः त्या दरीत उतरला की नाही, याविषयी शंका घेण्यास जागा आहे.

ही शंका बळावते ती एका क्रियापदामुळे. भिंतींवरील प्रसंगांसाठी मूळ चिनीत 'त्याव-लौ' म्हणजे कोरणे हा शब्द आहे. अजिंठ्यातील जातककथा तर प्रामुख्याने रंगवलेल्या आहेत. बील यांच्या इंग्रजीत याच जागी प्रथम रंगविल्याचा आणि लगोलग कोरल्याचा उल्लेख येतो. अनुवादकाला अजिंठा ठाऊक होता आणि त्याने नकळत मूळ वाक्य अजिंठ्याला जुळवून घेतले, असे म्हणावे लागते. केवळ इंग्रजी वाचणारा वाचक 'रंगवलेली चित्रे' या शब्दांवरून हे अजिंठाच, असा निष्कर्ष काढील. म्हणजे जे सिद्ध करायचे तेच आधी अनुवादात शिरलेले असेल.

एका वर्णाचा प्रश्न

हा संघाराम कोणी बांधला, याचेही उत्तर ग्रंथात आहे. जुन्या इंग्रजी लेखनपद्धतीप्रमाणे त्या अर्हताचे नाव 'ओ-चे-लो' असे येते. इंग्रजी अनुवादांत त्याचा 'आचार' झाला. दुसरीकडे, अजिंठ्याच्या लेणे क्रमांक २६ मधील भिक्षू बुद्धभद्राच्या पाचव्या शतकातील संस्कृत शिलालेखात शास्त्यासाठी शैलगृह करविणाऱ्या स्थविर अचलाचा उल्लेख आहे. अचल आणि आचार एकच काय?

चिनी भाषेत संस्कृत 'र' साठी स्वतंत्र ध्वनी नसल्याने 'लो' असा वाचला जाणारा वर्ण 'र' आणि 'ल' या दोन्हींसाठी वापरला जाई. पुलकेशीचे नाव चिनीत 'पु-लो-कि-शे' असे आहे आणि त्यातील 'लो' हा तोच वर्ण. तेथे त्याचा 'ल' करायचा आणि येथे 'र', याला लिपीचा आधार नाही. तेव्हा अचल हे वाचन ध्वनीच्या दृष्टीने पूर्ण शक्य आहे. अनेक लेखक येथेच थांबतात आणि हा अजिंठ्याचाच पुरावा म्हणून मोकळे होतात.

परंतु मूळ ग्रंथात या नावापुढे बारीक अक्षरांत एक टीप आहे. तांग भाषेत या नावाचा अर्थ 'सो-शिंग', म्हणजे आचरण, असा ती देते. अचलाचा अर्थ 'न हलणारा' असा दिला गेला असता. तेव्हा टीप लिहिणाऱ्याने तरी नाव आचार असेच समजले होते. नाव ऐकण्यात चूक झाली, टिपेत चूक झाली, की हे दोन भिक्षू खरोखरच वेगळे होते? अनुवादात टीप बहुधा कंसात किंवा तळाशी जाते, आणि तिसऱ्या पायरीवरील मराठी पुस्तकात ती उरतच नाही. मग वादाची एकच बाजू आपल्या हाती येते.

महाराष्ट्रातील चिनीचे वाचक

ही साखळी महाराष्ट्रात कोणी तोडलीच नाही, असे नाही. धर्मानंद कोसंबी यांचे शिष्य आणि पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयातील पालीचे अध्यापक पु. वि. बापट यांनी चिनी भाषा आत्मसात केली होती. 'विमुत्तिमग्ग' हा लुप्त पाली ग्रंथ चिनी अनुवादात सबंध टिकून राहिला आहे. बापटांनी 'विसुद्धिमग्गा'शी त्याची तुलना करणारा ग्रंथ १९३७ मध्ये पुण्यात प्रसिद्ध केला. 'समन्तपासादिका' या विनयटीकेच्या चिनी रूपाचा अनुवाद त्यांनी जपानी विद्वान हिराकावा यांच्या साहाय्याने केला आणि तो १९७० मध्ये भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने छापला. फर्ग्युसनमधीलच वा. वि. गोखले यांनीही चिनी आणि तिबेटी साधनांवर काम केले. ज्या वर्षी बापटांचा तुलनात्मक ग्रंथ निघाला त्याच वर्षी शांतिनिकेतनात चीना भवन सुरू झाले, हा योगायोग लक्षणीय आहे. पुण्यातील ही परंपरा पाली व बौद्ध अध्ययनापुरती राहिली. इतिहासाच्या आणि मराठीच्या विभागांपर्यंत ती पोचली नाही, असे खेदाने म्हणावे लागते.

आज परिस्थिती एका बाबतीत सोपी आहे. चिनी त्रिपिटकाची संगणकीय संहिता महाजालावर विनामूल्य उपलब्ध असून तैशो आवृत्तीत हा ग्रंथ क्रमांक २०८७ आहे. महाराष्ट्राविषयीचा मजकूर काही शे अक्षरांचाच आहे. संपूर्ण ग्रंथाच्या अनुवादाची वाट न पाहता तेवढाच मजकूर मूळ अक्षरे, प्रत्येक अक्षराचा अर्थ, बील, वॉटर्स व ली रोंगशी यांची वाचने आणि मराठी अनुवाद अशा मांडणीने तयार करता येईल. इतिहास, पाली आणि मराठी या तीन विभागांनी चिनी जाणणाऱ्या एखाद्या अभ्यासकाच्या साहाय्याने एका शैक्षणिक वर्षात पुरे करावे, एवढेच हे काम आहे. गेल्या हिवाळ्यात तृतीय वर्षाच्या विद्यार्थ्यांना लेणे क्रमांक १६ च्या हत्तींपाशी उभे करून हा परिच्छेद बीलच्या इंग्रजीवरून मराठीत वाचून दाखविला. एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, त्याने हत्ती बसलेले लिहिले आहेत की उभे?" मूळ वाक्यात एवढेच आहे की दाराबाहेर उत्तरेस व दक्षिणेस, डावीकडे व उजवीकडे, एकेक दगडी हत्ती आहे. ते कसे आहेत, हे लिहिलेले नाही.