केळ्यावरच्या चिलटाची झोप

सोनपेठच्या बाजारात पिकल्या केळ्यांवर घोंगावणारं चिलट म्हणजे ड्रोसोफिला. (आंब्यात अळ्या पाडणारी फळमाशी निराळी, नावाचा घोळ नेहमीचाच.) हे चिलट रात्री चक्क झोपतं; जागवलं तर दुसऱ्या दिवशी झोपेची भरपाईही करतं. झोप-जागेची वेळ ठरवणारं त्याचं घड्याळ ‘पिरियड’ या जनुकावर चालतं. १९७१ मध्ये कोनोप्का आणि बेंझर या शास्त्रज्ञांना त्यात बदल झालेली चिलटं सापडली: काहींचा दिवस १९ तासांचा, काहींचा २८ तासांचा, तर काहींना तालच नाही. या जनुकाचं प्रथिन रात्री पेशीकेंद्रात साठतं आणि स्वतःच्याच जनुकाला थोपवतं; ते विरलं की चक्र पुन्हा सुरू. मेंदूतल्या सुमारे १,४०,००० चेतापेशींपैकी जेमतेम काहीशे हे घड्याळ चालवतात. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत ओबेद सिद्दीकी आणि वेरोनिका रॉड्रिग्ज यांनी १९७०च्या दशकात वास-चवीची जाण बिघडलेली चिलटं, जनुकात बदल झालेली चिलटं शोधण्याच्या याच पद्धतीने हुडकली.