तान्ह्या बाळाचा एमडीआर टीबी : ‘आधी साधी औषधं देऊन बघू’ नको

आईला एमडीआर टीबी, बाळ दीड महिन्याचं. ताप हटत नाही, वजन वाढत नाही, नेहमीची अँटिबायोटिक्स लागू पडत नाहीत. अशा वेळी घरातून, कधी दवाखान्यातूनही, हमखास ऐकू येतं : ‘एवढ्याशा जिवाला ती जहाल औषधं कशाला? आधी साधी देऊन बघू.’ हे किती वेळा खोडायचं! आयसोनियाझिड आणि रिफॅम्पिसिन या दोन मुख्य औषधांना जंतू दाद देत नाहीत, तोच एमडीआर. साध्या उपचाराची सगळी भिस्त याच दोघांवर असते. ‘देऊन बघण्यात’ आठवडे जातात आणि तेवढ्यात टीबी बाळाच्या मेंदूच्या आवरणापर्यंत पोचू शकतो.

‘मग निदान पक्कं होऊ द्या,’ असं म्हणतात. बाळाला बेडका काढता येत नाही. पहाटे, दूध पाजण्याआधी, नाकातून बारीक नळी घालून पोटातला द्राव काढतात, कारण झोपेत गिळलेला कफ तिथे असतो. तो किंवा बाळाची शी सीबीनॅट या जनुकीय चाचणीच्या यंत्रावर तपासली की रिफॅम्पिसिन चालेल की नाही, हेही कळतं. पण तान्ह्यांत जंतू थोडे असतात. रिपोर्ट निगेटिव्ह आला म्हणून टीबी नाही, असं होत नाही. लक्षणं आणि एक्स-रे टीबीकडे बोट दाखवत असतील, तर आईच्या जंतूंवर कोणती औषधं चालतात ते पाहून बाळाचे उपचार ठरवायचे आणि लगेच सुरू करायचे.

औषधांची धास्ती कुठून आली, तेही समजतं. कानामायसिनच्या इंजेक्शनांनी मुलं बहिरी होत. आता तोंडाने घ्यायच्या औषधांवर भर आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये बेडाक्विलिन आणि डेलामॅनिड सर्व वयाच्या मुलांसाठी मान्य केली. वजनावर डोस ठरतो, गोळी पाण्यात विरघळते, अधूनमधून ईसीजी काढतात. २०१८ साली ‘प्लॉस मेडिसिन’मध्ये १८ देशांतल्या ९७५ एमडीआर मुलांचा आढावा आला, त्यांतल्या ७८ टक्के मुलांचे उपचार यशस्वी झाले होते.

‘बीसीजीची लस दिलीय, मग टीबी कसा होईल?’ ती मेंदूचा आणि अंगभर पसरणारा टीबी बराच टाळते, सगळा नाही.

‘आईचं दूध तोडा.’ जंतू दुधातून नाही, खोकल्यातून जातात. आईने मास्क लावावा, दुधाबद्दल डॉक्टरांशी बोलावं.

‘बाळ ठणठणीत आहे, औषध कशाला?’ आजार नसल्याची खात्री करून, आईला एमडीआर टीबी असलेल्या अशा बाळांना प्रतिबंधासाठी सहा महिने लिव्होफ्लॉक्सासिन द्यावं, अशी संघटनेची २०२४ पासूनची शिफारस आहे.