आधी जमीन, मग घोडा

रायगडाच्या पायथ्याशी, पाचाडला, राजमाता जिजाऊंची समाधी आहे. तिथून वर गडाकडे पाहिलं की एक गोष्ट सहज कळते. हा कडा घोडेस्वार चढू शकणार नाही आणि कड्यावरची शिबंदी दूरचा मुलूख मारू शकणार नाही. गडाला शिबंदी हवी, मुलूखगिरीला घोडदळ. सैन्य किती हवं, हे विचारण्याआधी ते लढणार कुठं, हे विचारावं लागतं.

शिवाजी महाराजांच्या घोडदळाची रचना सभासदाच्या बखरीत दिली आहे. २५ बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांचा एक जुमला आणि दहा जुमल्यांवर एक हजारी; म्हणजे १२५० स्वार. पण खरं मर्म पुढं आहे. दर २५ घोड्यांमागं एक पखालजी आणि एक नालबंद. म्हणजे एका हजारीमागं ५० पखालजी आणि ५० नालबंद! शिवाय पावसाळ्यात छावणीत दाणा, औषधं आणि शाकारलेली घरं तयार असत. नाल पडलेला घोडा हा खर्च असतो, बळ नव्हे, हे त्या काळी पक्कं ठाऊक होतं.

आज घोड्याची जागा रणगाड्यानं घेतली आहे. आपल्या चिलखती दलाचं केंद्र आणि शाळा महाराष्ट्रातच, अहिल्यानगरला (पूर्वीचं अहमदनगर) आहे. प्रश्न मात्र जुनाच आहे. 'अर्जुन'ची नवी आवृत्ती सुमारे ६८ टनांची. राजस्थानच्या वाळवंटात ती शोभते. पण पंजाबातले कालवे, डोंगरातले पूल हे वजन पेलतील का? २०२०मध्ये लडाखमध्ये तणाव वाढला, तेव्हा सपाट मुलखासाठी घेतलेले जड रणगाडे तिथं न्यावे लागले. विरळ हवेत इंजिनाची ताकद घटते. म्हणून सुमारे २५ टनांचा 'जोरावर' हा हलका रणगाडा तयार करण्यात आला. २०२४मध्ये तो लोकांसमोर आला. १९४८मध्ये जोजिला खिंडीत आपण हलके रणगाडे चढवले होतेच. तो धडा कागदावर उतरायला सात दशकं लागली.

असे निर्णय जपूनच घ्यावे लागतात, कारण रणगाडा तीस-चाळीस वर्षं वापरात राहतो. टी-७२ आपल्याकडे १९७०च्या दशकाअखेरीस आला. तो अजून सेवेत आहे. दरम्यान युद्ध बदललं. २०२२पासून युक्रेनमध्ये स्वस्त ड्रोननं महागडे रणगाडे जाळले. म्हणून रणगाडा मोडीत निघाला असं नाही. त्याच्यासोबत ड्रोन पाडणारी शस्त्रं, पायदळ, पूल टाकणारी आणि बंद पडलेला रणगाडा ओढून आणणारी वाहनं हवीत. नियोजन चुकलं तर त्याची किंमत आत बसलेले तीन-चार जवान मोजतात.

तेव्हा 'इतके रणगाडे घेणार' अशी बातमी वाचली, की आकड्यावर थांबू नये. ते कोणत्या जमिनीवर चालणार, कोणत्या पुलावरून जाणार आणि त्यांचा नालबंद कोण, हेही विचारावं.