वल्कलांतील रामायण

आज रामनवमी. घरोघरी पोथीचे बासन सुटेल. परंतु मुलाने आणलेल्या नव्या रामकथेच्या मुखपृष्ठावरील पिळदार स्नायूंचा धनुर्धर पाहून वडीलधाऱ्यांच्या कपाळी आठी उमटते. ते चित्र आम्हांसही रुचत नाही. तथापि उत्तरकांडातील प्रसंग आठवावा. अश्वमेधाच्या वेळी कुश-लव रामायण गाऊ लागले, तेव्हा श्रोते आपसांत म्हणाले की, जटा-वल्कले नसती, तर या मुलांत आणि राघवात भेदच दिसला नसता! ती सीतेची मुले, हे श्रीरामांस उमगले ते गायन ऐकूनच.

वाल्मीकींची कथा नाथांनी मराठी ओवीत आणली, तेही त्या काळी नवे कथनच होते. १९५५ च्या रामनवमीस पुणे आकाशवाणीवरून ग. दि. माडगूळकर व सुधीर फडके यांचे ‘गीतरामायण’ सुरू झाले. वर्षभर चाललेल्या त्या ५६ गीतांना मुखपृष्ठ कुठले? महाराष्ट्राने ती कानांनीच पारखली.

नवी कथने सारीच सरस असतात असे नव्हे. काही तर नुसती युद्धवर्णने. माध्यान्हीचा जन्मोत्सव आटोपल्यावर त्या पुस्तकातील वनगमनाचे प्रकरण मुलाकडून मोठ्याने वाचवून घ्यावे. कैकेयीशी राम कसा बोलतो, ते ऐकावे. पुस्तक पोथीशेजारी ठेवायचे की कपाटात, ते मग ठरवावे.