निवाऱ्याची मुदत संपल्यावर

वाशीम जिल्ह्यातील इंझोरीसारख्या गावात छळाला कंटाळून सासर सोडलेल्या स्त्रीला माहेर हाच निवारा असतो. आईबाप थकले की तेथेही ती परकी होते. निंदण-वेचणीच्या हंगामी मजुरीत भाड्याची खोली परवडत नाही. मग पुन्हा तोच उंबरठा गाठावा लागतो.

महाराष्ट्राला हा प्रश्न नवा नाही. पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन काढले. तेथे शिकलेल्या गोदूबाईंशी धोंडो केशव कर्वे यांनी १८९३ मध्ये विवाह केला आणि १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम स्थापिला. नुसत्या छपराने परावलंबन लांबते, विद्येने ते संपते, हे दोन्ही संस्थांनी ओळखले होते.

आज कायद्याचे पाठबळ आहे. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी अधिनियमाने सामायिक घरात राहण्याचा हक्क दिला. पण जेथे मारहाण झाली तेथेच तो बजावणे कठीण. केंद्राच्या स्वाधार गृह योजनेत अशा स्त्रीच्या मुक्कामाची मर्यादा एक वर्षाची होती. पुढे ही योजना 'शक्ती सदन'मध्ये विलीन झाली. परंतु मूळ प्रश्न उरतोच. शेतमजूर स्त्रीने वर्षभरात खोलीची अनामत, भांडीकुंडी आणि मुलांच्या शाळेचा खर्च कोठून जमवावा?

म्हणून निवाऱ्याच्या अंदाजपत्रकातच पुढील काही काळाचे, क्रमशः घटणारे घरभाडे आणि पाळणाघर यांची तरतूद हवी. घरकुलाच्या यादीतही एकट्या स्त्रीला अग्रक्रम हवा. निवाऱ्यातून निघालेल्या किती जणींची चूल स्वतःच्या घरी पेटली, याची नोंद ठेवली तरच या खर्चाचा खरा हिशेब लागेल.