पावसाळी प्लाय आणि चार चुंबकं

लेझर कटिंगवाल्यांचा हंगाम आणि पावसाळा एकाच वेळी येतात, हे या धंद्याचं दुर्दैव. २०१८ मध्ये राज्यात थर्माकोलवर बंदी आली आणि गणपतीच्या मखरांचं बरंचसं काम एमडीएफ नि प्लायवुडकडे वळलं. मखरं कापायची ती आषाढ-श्रावणात, म्हणजे हवा सर्वांत ओली असताना. भिंतीला टेकवून ठेवलेली ३ मिलिमीटरची शीट काही दिवसांतच बाक धरते. मशीनच्या जाळीवर टाकली की एक कोपरा टेकलेला, दुसरा हवेत. मग ऑपरेटर मशीनच्या पत्र्याला चिकटवून ठेवलेली चार-सहा गोल चुंबकं काढतो आणि शीटवर बसवतो. शीट टक्कन खाली बसते. मशीन विकणारे त्याच्या वॉटची, वेगाची, सॉफ्टवेअरची भरभरून माहिती देतात. या चकत्यांबद्दल सहसा कोणी बोलत नाही.

मिलिंग मशीनवर काम शिकणाऱ्याला पहिला धडा मिळतो तो जॉब घट्ट आवळण्याचा. कटर जॉबला ढकलतो, म्हणून तिथे व्हाइस लागतो, क्लॅम्प लागतात. लेझरचा किरण कशाला ढकलत नाही. म्हणून या मशीनमध्ये पकड अशी दिलेलीच नसते. शीट ठेवा आणि बटण दाबा. पण रेटणारं कोणी नाही, म्हणजे दाबून धरणारंही कोणी नाही. शीट आपल्या मर्जीने पडून राहते आणि गोम तिथेच आहे.

किरण आरशांवरून फिरत भिंगापर्यंत येतो. भिंग त्याला मिलिमीटरच्या एक-दोन दशांशाएवढ्या ठिपक्यात गोळा करतं. त्या ठिपक्याच्या वर आणि खाली किरण पुन्हा पसरत जातो. छोट्या मशीनवर सहसा असतं तसं दोन इंची भिंग असेल, तर नीट कापण्याजोगी उंची जेमतेम दोन-तीन मिलिमीटरची मिळते. शीटचा कोपरा पाच मिलिमीटर उचललेला असला तर तिथे काप रुंद होतो, कड काळी पडते आणि आरपार जात नाही. मखराच्या जाळीकामातले तुकडे खाली पडण्याऐवजी लटकून राहतात. अर्धवट कापलेली शीट एकदा हलवली की पुन्हा त्याच जागी बसवणं जवळपास अशक्य. ती भंगारात.

या किरणाचा पत्ता काढत गेलं तर आपण बारामतीला पोचतो. कुमार पटेल यांचा जन्म तिथला, १९३८ चा. १९५८ मध्ये पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून पदवी घेऊन ते अमेरिकेला गेले आणि १९६४ मध्ये बेल लॅब्जमध्ये त्यांनी कार्बन डायऑक्साइडचा लेझर तयार केला. त्याच्या किरणाची तरंगलांबी १०.६ मायक्रोमीटर. डोळ्यांना तो दिसत नाही. लाकूड, कागद, अ‍ॅक्रिलिक त्याला चटकन शोषतात आणि जळतात किंवा वाफ होऊन जातात. गुळगुळीत धातू मात्र त्याला बराचसा परतवतो. चुंबकावर निकेलचा चकचकीत मुलामा असतो, म्हणून कापण्याच्या रेषेत चुंबक येणं दोन्हीकडून वाईट: किरण भलतीकडे उडतो आणि चुंबक तापतं.

चुंबकाची गोष्ट यानंतर वीसेक वर्षांनी सुरू होते. त्याआधीची जबर चुंबकं सॅमेरियम आणि कोबाल्टची असत. १९७८ मध्ये झाईरच्या खाणपट्ट्यात लढाई पेटली, कोबाल्टचे भाव भडकले आणि बिनकोबाल्टचं चुंबक शोधण्याची घाई झाली. जपानमध्ये सुमितोमोचे मासातो सागावा आणि अमेरिकेत जनरल मोटर्सचे जॉन क्रोट वेगवेगळ्या वाटांनी एकाच मिश्रणापाशी आले: निओडिमियम, लोखंड आणि बोरॉन. १९८३ मध्ये दोघांनीही ते जाहीर केलं. कॉम्प्युटरच्या हार्ड डिस्कमध्ये हीच चुंबकं असतात. बऱ्याच लेझरवाल्यांच्या डब्यात मोडीत निघालेल्या डिस्कमधून काढलेली, केळीसारख्या आकाराची चुंबकं सापडतात ती त्यामुळेच.

चुंबकाने किरण वाकत नाही का, असं नवखे हमखास विचारतात. नाही वाकत. प्रकाशाला विद्युतभार नसतो. जुन्या टीव्हीजवळ स्पीकर नेला की पडद्यावर रंग फिसकटत, ते आतल्या इलेक्ट्रॉनांच्या झोतामुळे.

खरं कसब आहे ते चुंबक कुठे ठेवायचं यात. शीटच्या कडा वर आल्या असतील तर काम सोपं, कडांवर चुंबकं ठेवली की झालं. मधोमध पोट आलेलं असेल तर कडा कितीही दाबा, पोट तसंच राहतं. तिथे चुंबक मध्येच हवं आणि मध्ये तर नक्षी आहे. जाणता ऑपरेटर अशा वेळी शीट सरळ उलटी टाकतो, म्हणजे पोट खाली आणि कडा वर. शीटची एकच बाजू रंगवलेली असेल आणि हे जमत नसेल, तर तो नक्षीतला वाया जाणारा भाग हेरून चुंबक त्यावर ठेवतो आणि तेवढा भाग सर्वांत शेवटी कापायला लावतो. हा विचार संगणकावर फाइल मांडतानाच करावा लागतो. झाकण उघडल्यावर करून उपयोग नाही.

विकत घेताना चुंबकाची जी ताकद सांगितली जाते, ती जाड पोलादी प्लेटला थेट चिकटवून मोजलेली असते. इथे मध्ये ३ मिलिमीटरचा प्लाय आणि खाली हनीकोम्बची पातळ पट्ट्यांची जाळी. अंतर वाढलं की पकड झपाट्याने घसरते, म्हणून कागदावरच्या किलोंपैकी थोडेच हाती लागतात. १२ मिलिमीटरच्या शीटवर तर चुंबक नावापुरतंच. अर्थात तेवढी जाड शीट एकदा वाकलेली असली तर ती चुंबकाला काय, हातालाही दाद देत नाही.

दोन चुंबकं एकावर एक चढवली की पकड थोडी वाढते, पण उंचीही वाढते. नोझल शीटच्या वर जेमतेम काही मिलिमीटरवरून धावतं, आणि कापत नसतानाही एका टोकाकडून दुसऱ्याकडे झेपावतं. वाटेत उंच चुंबक आलं की ठोकर बसते, मोटर काही पावलं चुकते, आणि मशीनला त्याचा पत्ताच नसतो. ते पुढची सगळी नक्षी इमानेइतबारे सरकलेल्या जागी कापत जातं. म्हणून सुरुवात करण्याआधी ‘फ्रेम’ दाबून डोकं एकदा रिकामं फिरवून बघायचं. हे अर्धं मिनिट वाचवणारे मला कधी कळले नाहीत.

चुंबक काढताना उपसायचं नाही, बाजूला सरकवायचं. दोन मोठी चुंबकं एकमेकांवर आपटली तर मध्ये बोट चेंगरतं आणि चुंबकाचे टवके उडतात. दिसायला धातू असलं तरी ते काचेसारखं ठिसूळ असतं. हृदयाला पेसमेकर लावलेल्या माणसाने या डब्यापासून लांबच राहावं आणि लहान मुलांच्या हाती तर तो लागूच नये, कारण गिळलेली दोन चुंबकं आतड्याची भिंत मध्ये पकडून बसतात. उष्णतेचंही भान हवं. साध्या प्रतीचं निओडिमियम चुंबक ८० अंश सेल्सिअसच्या पुढे ताकद गमावू लागतं, आणि गेलेली ताकद थंड झाल्यावरही परत येईल असं नाही. कापाच्या जवळ राहून पोळलेलं चुंबक दिसायला तसंच दिसतं, फक्त धरत नाही.

आणि हे सगळं जाळी लोखंडी असेल तर. बऱ्याच मशीनना अ‍ॅल्युमिनियमची जाळी येते आणि तिच्यावर चुंबक नुसतं घरंगळतं. तिथे खिळीच्या आकाराच्या पिना वापरतात: पाय हनीकोम्बच्या भोकात घट्ट बसतो, डोकं शीटच्या कडेवर दाबून राहतं. बाजारात त्या शोधत बसायची गरज नसते. उरलेल्या एमडीएफच्या तुकड्यातून मशीनवरच मूठभर कापून घेता येतात, आणि नोझलची धडक बसलीच तर मोडते ती पिन.