नौकेची मोरी आणि खाराची उघाडी

घरांतील मोरीकडे सहसा कोणाचें लक्ष जात नाहीं. भांडीं घांसलेलें पाणी भोंकांतून उतरतें, गटाराला मिळतें, आणि गृहिणीची चिंता तेथें संपते. घर जमिनीवर उभें आणि गटार त्याच्या खालीं, म्हणून हें काम इतकें सोपें. परंतु तेंच स्वयंपाकघर शिडाच्या नौकेच्या पोटांत नेऊन बसविलें, तर मोरीचें पाणी सोडावयाचें कोठें? तेथें गटार नाहीं. चोहोंकडे समुद्र आहे, आणि तो मोरीपेक्षां फारसा खालीं नाहीं.

जुन्या देशी गलबतांना हा प्रश्न पडत नसे. पेणजवळच्या अंतोरे बंदरांत किंवा कुंडलिकेच्या खाडींतून रोह्याकडे भरतीबरोबर येणाऱ्या गलबतांवरील खलाशी उघड्यावरच चूल पेटवीत आणि खरकटें पाणी काठावरून ओतून देत. दूरच्या प्रवासाच्या आधुनिक शिडाच्या नौकांत मात्र स्वयंपाक आंतच होतो. गोव्यांत बांधलेल्या ‘म्हादेई’ नौकेंतून दिलीप दोंदे यांनीं २००९-१० सालीं एकट्यानें पृथ्वीप्रदक्षिणा केली. अशा प्रवासांत मोरी ही लहान गोष्ट राहत नाहीं.

तिची सर्वसाधारण रचना साधी असते. मोरीच्या तळापासून एक जाड नळी निघते आणि नौकेच्या अंगाला पाडलेल्या भोंकापर्यंत जाते. त्या भोंकावर आंतल्या बाजूनें एक तोटी बसविलेली असते. मोरीचा तळ समुद्राच्या पातळीहून उंच असेल तोंपर्यंत पाणी आपोआप बाहेर जातें. पण वारा भरला कीं नौका एका अंगावर कलते. मोरी त्या खालच्या अंगाला असेल, तर तिचा तळ समुद्राच्या पातळीखालीं जातो आणि भांडीं ठेवावयाच्या जागीं समुद्राचें पाणी वर येतें. म्हणून मोरी नौकेच्या मध्यरेषेजवळ ठेवणें उत्तम. मध्यरेषा कलल्यानें फारशी खालींवर होत नाहीं. मोरी मुळांतच खोल असेल, तर हातानें किंवा पायानें चालविण्याचा लहान पंप बसवून पाणी वर उचलावें लागतें.

बाहेर जाणारी वाट ही आंत येणारीही वाट असते, हें पेणच्या खारेपाटांतील शेतकऱ्याला कोणी शिकवावयास नको. खाडीला बांध घालून काढलेल्या खार जमिनींत पावसाचें पाणी सांचतें. तें सोडण्यासाठीं बांधांत उघाडी ठेवतात. तिची झडप खाडीच्या अंगाला वरच्या बाजूनें टांगलेली असते. ओहोटीला आंतल्या पाण्याचा रेटा तिला उघडतो. भरतीला खाडीचाच रेटा तिला मिटवितो. दारांत एखादें लांकूड अडकलें, कीं तीच उघाडी खारें पाणी भाताच्या शेतांत घेते आणि पीक हातचें जातें. म्हणूनच पूर्वीं पेण भागांत बांधांची जबाबदारी शिलोत्रीदारांवर असे, आणि १९४८ सालीं मुंबई सरकारनें खार जमिनींसाठीं स्वतंत्र कायदा केला. दार असून भागत नाहीं. त्याला राखणदार लागतो.

मग नौकेंतही अशीच झडप कां लावूं नये? लावतात, पण एकट्या तिच्यावर विसंबत नाहींत. भाताचें शीत किंवा भाजीचा देंठ तिच्यांत अडकला, कीं ती पुरती मिटत नाहीं. खरा भरंवसा हातानें बंद करण्याच्या तोटीचाच. पाण्याच्या पातळीखालीं दोन फुटांवर दीड इंच व्यासाचें भोंक असलें आणि नळी निसटली, तर मिनिटाला सुमारें १४० लिटर पाणी आंत शिरतें. म्हणजे पंधरा लिटरच्या नऊ बादल्या. इतकें पाणी एका माणसानें फार वेळ उपसणें शक्य नाहीं.

जुन्या नौकेंत म्हणून प्रथम तोटी तपासावी. साध्या पितळेंतील जस्त खाऱ्या पाण्यांत हळूहळू निघून जातें; उरतें तें तांबूस, सच्छिद्र आणि ठिसूळ. आकार बाहेरून पूर्वींचाच दिसतो, आणि जोरानें फिरवितांच तोटी हातांत येते. तिच्या जागीं समुद्राच्या पाण्यांत टिकणाऱ्या चांगल्या काशाची, पाव फेऱ्यांत उघडमीट होणारी तोटी घालावी. दांडा पाहतांच ती उघडी कीं बंद हें समजतें. नळी न गंजणाऱ्या पोलादाच्या दोन पट्ट्यांनीं आवळावी. तिला सतत उतार असावा. मध्यें झोळ पडला तर तेथें खरकटें सांचून दुर्गंधि सुटते. तेलकट भांडीं धुण्यापूर्वीं पुसून घ्यावींत, कारण तूप-तेल थंड नळींत थिजतें. तोटीजवळ निमुळतें लांकडी बूच दोरीनें बांधून ठेवावें. तोटीच तुटली तर भोंक बुजविण्यास तेंच उपयोगीं पडतें.

आणि तोटी महिन्यांतून एकदां तरी फिरवावी, नाहीं तर ती ऐन वेळीं हलत नाहीं. नौका सोडून घरीं जातांना ती बंद करावी. घराला कुलूप लावणारा मनुष्य नौकेची मोरी उघडी ठेवून जातो, तेव्हां रात्रीं येणाऱ्या पाण्याला अडविणारें तेथें कोणीच नसतें.